फाट्यावरून दिसलेलं गाव

कचरूकाका हिवाळे वाचनालयात शिरताना आधी दारात थांबतात, आतली माणसं डोळ्यांनी मोजतात आणि मगच आत येतात. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कंडक्टरची सवय काही गेली नाही. मी चिखलीच्या या वाचनालयाची ग्रंथपाल, रेणुका. माझा स्वभाव तापट आहे असं गावात बोललं जातं. जे बोलत नाहीत त्यांच्याकडे बहुधा आमची पुस्तकं अडकलेली असतात. काकांवर मात्र मला कधी धड रागावता आलं नाही. दुपारची जेवणं झाली की ते येतात, खिडकीजवळची खुर्ची धरतात, चष्मा पुसतात, मोबाइल काढतात आणि बाहेर बघत बसतात. त्यांना खिडकीच लागते.

उभा जन्म त्यांनी चिखली-बीबी गाडीवर काढला. त्या रस्त्याला फाटे फार. मुख्य रस्त्यावरून गावाची वाट फुटते तिथे एक पाटी, एखादं झाड, नशीब असेल तर चहाची टपरी. गाडी थांबते, माणूस उतरतो, पिशवी सावरतो आणि वाटेने चालत चालत दिसेनासा होतो. गाव आत कुठेतरी असतं. गाडी आत जात नाही आणि कंडक्टरला उतरून जायला वेळ नसतो. दुपारच्या फेरीला गाडी अर्धी रिकामी असायची, ड्रायव्हरशी बोलण्यासारखं काही उरलेलं नसायचं, आणि डोळे मिटू मिटू होत असताना काका प्रत्येक फाट्यामागे एक गाव उभं करायचे. हा उतरला तो आता कोणत्या दारात जाईल, त्या दारात कोण वाट बघत असेल, ओट्यावर काय वाळत घातलं असेल. पुढच्या फाट्यापर्यंत गाव बांधून पूर्ण व्हायचं. मग डबल बेल आणि दुसरं गाव.

या सगळ्यांत त्यांचं लाडकं मोहटाकळी. मोहटाकळी फाट्यावर एक मोठा कडुनिंब आहे, खाली हापशी, आणि हापशीभोवती बाया. गाडी सकाळी जावो, भर उन्हात जावो की दिवेलागणीला, तिथे बाया पाणी भरत असायच्या. हंडे चमकायचे. कोणी कोणाला काही सांगून हसायची, कोणी पदराने तोंड पुसायची. काकांना वाटायचं, ज्या गावच्या बाया पाण्यावर अशा हसतात ते गाव आतून कसं असेल. त्यांनी त्या गावात काठोकाठ भरलेल्या विहिरी बांधल्या, न्हाणीमागे केळी लावल्या, अंगणं सकाळ-संध्याकाळ शिंपली. उन्हाळ्यात बाकीचे फाटे धुळीने पिवळे पडले की ते डोळे मिटून घटकाभर मोहटाकळीत जाऊन बसायचे.

नागपूरला नर्स असलेल्या त्यांच्या मुलीने, धम्मशीलाने, त्यांना नवा मोबाइल घेऊन दिला. त्यात काकांना इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश सापडला, ज्यात कोणीही लिहावं आणि कोणीही खोडावं. मला त्याचा राग. पुस्तक हातात घेतलं की मी आधी लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती बघते. इथे लिहिणाऱ्याचा पत्ताच नाही, असलं तर कसलं तरी टोपणनाव. काकांना हेच आवडलं.

"एसटीसारखं हाय, ताई," ते म्हणाले. "कोनीबी चढा, कोनीबी उतरा."

"पण तिकीट कोण फाडतं?" मी विचारलं.

काकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

त्यांनी आपल्या रस्त्यावरची गावं शोधून काढली. प्रत्येक गावाचं पान होतं आणि प्रत्येक पानावर तीच ओळ होती: अमुक हे बुलढाणा जिल्ह्यातील एक गाव आहे. बस. काकांचा जीव हळहळला. इतकी माणसं त्यांनी तिथे उतरवली होती, आणि जगाला सांगायला फक्त 'एक गाव आहे'? त्या दिवसापासून ते लिहायला लागले. वाचनालयात मोठ्याने बोलायला मी मनाई केलेली, नाहीतर त्यांनी सगळं मोबाइलला बोलूनच लिहिलं असतं. एका बोटाने ते टिपत राहायचे. एका गावाच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'हिवाळ्यात संध्याकाळी या गावाचा धूर सरळ वर जातो.' दुसऱ्यावर, 'येथील लोक सुट्टे पैसे देतात.' तिसऱ्यावर, 'या फाट्यावर उतरणारी म्हातारी माणसं गाडीला हात लावून नमस्कार करतात.'

दोन दिवसांत सगळं गायब. तिथे राखण करणारं कोणीतरी होतं आणि त्याने प्रत्येक ठिकाणी एकच शेरा मारला होता: संदर्भ नाही. काकांनी त्याला उत्तर लिहिलं, 'संदर्भ: मी स्वतः, आणि माझा बिल्ला नंबर.' तिकडून अगदी नम्रपणे कळलं की स्वतः पाहिलेलं इथे चालत नाही, पुस्तक किंवा वर्तमानपत्र किंवा सरकारी अहवाल असं काहीतरी लागतं.

"मी पाह्यलं त चालत नाही, दुसऱ्यानं छापलं त चालते. हे कसं काय, ताई?"

मी तावातावाने समजावलं. तुम्ही पाहिलं ते बरोबरच पाहिलं कशावरून? उद्या कोणीही उठून काहीही पाहिलं म्हणेल. समजावता समजावता माझ्या लक्षात आलं की ज्या ज्ञानकोशावर माझा राग, त्याचीच वकिली मी करतेय. मग मला स्वतःचाच राग आला आणि मी चहा मागवला.

काकांचं एकच वाक्य टिकलं. मोहटाकळीच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'मोहटाकळी गावाला बारमाही गोडे पाणी आहे.' ते अगदी सरकारी अहवालातल्यासारखं वाटत होतं, म्हणून राखणदाराला संशय आला नसावा. धूर, सुट्टे पैसे, नमस्कार, काकांनी खरोखर पाहिलेलं सगळं गेलं. न पाहिलेलं तेवढं राहिलं. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. काकांनाही नव्हतं, कारण आपण मोहटाकळी पाहिली आहे अशीच त्यांची समजूत होती.

रुपाली आमच्याकडे अभ्यासाला येते. तलाठ्याची परीक्षा द्यायची म्हणून सकाळी येते ती दिवे लागेपर्यंत बसते. तिच्या आईची मान पाणी वाहून गेली. आता गळ्यात पट्टा घातल्याशिवाय तिला भाकरीसुद्धा थापता येत नाही. रुपालीने घरी सांगून ठेवलं होतं की मुलगा काळा असो, गोरा असो, पण जिथे पाणी डोक्यावरून आणावं लागतं त्या गावात मी जाणार नाही. वडील वामनराव या एका अटीपायी हैराण झाले होते. उन्हाळा तोंडावर असताना तिला एक स्थळ आलं. मुलगा ज्ञानेश्वर, मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सुट्टीला घरी येणारा. लग्नानंतर सुनेने सासूजवळ गावी राहायचं. गाव मोहटाकळी.

रुपालीने वाचनालयातच मोबाइलवर गावाचं नाव टाकलं आणि ते पान माझ्यासमोर धरलं. "ताई, पाहा. बारमाही गोडं पानी." तिचा चेहरा असा उजळला की मलाही बरं वाटलं.

खिडकीतून काका वळले. "ते म्याच लिवलं, पोरी."

"खरंच? मंग तुमाले त सगळं माहीत असंन. विहिरी हायेत का नळ हाय?"

काकांच्या त्या विहिरी, त्या केळी, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. पण पोरगी खरं विचारत होती.

"मी आत गेलो नाही कधी," ते हळूच म्हणाले. "गाडी फाट्यावर थांबते."

रुपाली रागावली नाही. तिने मोबाइल उलटा ठेवला. "काका, होळी झाली का माहे बाबा बोलनी पक्की कराले जाऊन राह्यले," एवढंच ती म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. पान काही तिने उलटलं नाही.

वाचनालयाला सोमवारी सुट्टी. त्या सोमवारी काका मोहटाकळीला निघाले आणि मीही निघाले, कारण त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता. गाडीतल्या तरुण कंडक्टरने त्यांना ओळखलं.

"मोहटाकळी फाटा का, काका?"

"गाव," काका म्हणाले.

"गावात गाडी जात नाही न."

"मले सांगतो बे?" काका म्हणाले, आणि दोघेही हसले. त्यानंतर काका हसले नाहीत.

फाट्यावर उतरलो. कडुनिंब होता, हापशी होती, बाया होत्या, सगळं काकांनी सांगितलं होतं तसंच. सावलीत पाण्याचा गारवा होता आणि गाडी निघून गेल्यावर इतकं शांत झालं की हापशीचा आवाज दूरवर कुठेतरी होतोय असं वाटलं. पन्नाशीतल्या एका बाईने डोक्यावर दोन हंडे चढवले, कमरेवर तिसरा घेतला आणि वाटेला लागली. आम्ही तिच्यामागे निघालो. वाट एका चढावर गेली. चढावरून बघितलं तर गाव नव्हतं, नुसतं रान आणि उन्हात थरथरणारी हवा. बाई चालत होती. पुढे नाला आला, कोरडा ठाक. नाल्यापलीकडे आणखी एक चढ. काका थांबले. मागे वळून त्यांनी फाट्याकडे पाहिलं, मग पुढे बाईकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं.

"हे पानी घरी नेता तुमी?" त्यांनी मागून विचारलं. "एवढ्या दूर?"

"मंग का फाट्यावरच सैपाक करू?" बाई न थांबता म्हणाली.

काका झपाझप पुढे गेले आणि तिच्या कमरेवरचा हंडा त्यांनी मागून घेतला. खांद्यावर धरायचा प्रयत्न केला, जमेना, मग छातीशी धरला. सदरा भिजला. गाव येईपर्यंत त्यांनी तो खाली ठेवला नाही. दुसऱ्या चढामागे गाव होतं, झाडून स्वच्छ केलेलं, दर घरापुढे झाकण घातलेले निळे ड्रम. मधल्या विहिरीवर काटेरी फांद्या टाकून ठेवल्या होत्या, पोरंसोरं वाकून बघू नयेत म्हणून. केळीचं झाड एकही नव्हतं.

ती बाई म्हणजे ज्ञानेश्वरची आई मनकर्णाबाई, हे तिच्या ओट्यावर बसल्यावर कळलं. गाव एवढंसं, विचारायचीही फार गरज पडली नाही.

"मी ओळखते तुमाले," ती काकांना म्हणाली. "बीबीची गाडी. तुमी दारात उभे राहात. तुमची गाडी दिसली का मी हंडा उचलाची. म्हनाची, चाला बाई, पोरगं शाळेतून आलं असंन."

"पन हसत होत्या न तुमी सगळ्या," काका म्हणाले. ते जवळजवळ विनवत होते.

"तिथं सावली हाय, चार बाया भेटतात. वाटेवर कोन हसन?"

तिने तांब्याभर पाणी पुढे केलं. काकांनी त्या वाटेकडे पाहिलं आणि मान हलवली. "नोको. तहान नाही."

"काऊन? आमच्या घरचं पानी चालत नाही का?" तिने गमतीने विचारलं.

काका गडबडले. त्यांच्या घराण्यात पाण्याच्या विटाळाच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या होत्या. पण त्या सगळ्या गोष्टींत नाही म्हणणारा दुसराच असे. "तसं नाही, बाई," ते पुटपुटले. मग त्यांनी आपण का आलो ते सांगितलं. ज्ञानकोश, आपलं वाक्य, रुपालीची अट, काही लपवलं नाही.

मनकर्णाबाई ऐकत राहिली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "राहू द्या न तसंच. माह्या गावाबद्दल पहिल्यांदा कोनी चांगलं लिवलं. पोराले तीन ठिकानाहून 'नाही' आलं, पान्यापायीच. तुमचं एक वाक्य हाय, भाऊ. कोनाले टोचते?"

मी खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, काका, राहू द्या. त्या ओट्यावर सावली होती, बाई चांगली होती, मुलगाही चांगला असणार. एका वाक्याने कोणाचं भलं होत असेल तर होऊ द्यावं. पण डोळ्यांसमोर रुपालीच्या आईचा गळपट्टा येत राहिला. परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले नाहीत. मधल्या दांड्याला धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून त्यांनी वाक्य बदललं: 'मोहटाकळी फाट्यावर पाणी आहे. गावात नाही. बाया तिथून डोक्यावर नेतात.' तिसऱ्या दिवशी बघतो तर जुनं वाक्य पुन्हा जागेवर, आणि त्याच्या शेपटीला एक छोटा निळा आकडा. म्हणजे संदर्भ. एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत नुकतीच आपल्या गावांची ओळख छापून आली होती. तो अंक माझ्याच गठ्ठ्यात होता. काढून वाचला तर त्यात काकांचं वाक्य जसंच्या तसं, बारमाहीसकट. कोणा वार्ताहराने ज्ञानकोशातून उचललं, छापलं, आणि आता ज्ञानकोश त्या छापील कागदाकडे बोट दाखवत होता. काकांच्या स्वप्नाला पुरावा मिळाला होता आणि तो पुरावा म्हणजे काकांचंच स्वप्न. मी त्या दिवशी ग्रंथपालाला न शोभणारे दोन-चार शब्द वापरले. काकांनी राखणदाराला सगळी हकिगत लिहून कळवली. तो भला माणूस असावा. त्याने लिहिलं, 'तुमचं म्हणणं खरं असू शकेल. पण त्याला छापील आधार हवा.'

होळी झाली आणि वामनराव रुपालीला घेऊन वाचनालयात आले. हातात पुरवणीचं कात्रण, चेहऱ्यावर सुटकेचा आनंद.

"पेपरात आलं, कंडक्टरसाहेब. आता हिची शंका फिटली पाह्यजे."

"पेपरात माहंच लिवलेलं हाय," काका म्हणाले. "आनि ते खोटं हाय."

वामनरावांनी कात्रणाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "मंग तुमचं कोनतं धराचं? तवाचं का आताचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. मी घाईघाईने संगणकावर त्या पानाचा इतिहास उघडला. त्या ज्ञानकोशाचं हे एक मला मनापासून आवडलं की तो आपल्या जुन्या चुका फेकून देत नाही, तारखेसकट जपतो. काकांनी आधी लिहिलं, पेपराने नंतर छापलं, हे तिथे कोणालाही दिसलं असतं. वामनराव पडद्याकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, आणि छापील कागद त्यांच्या हातात होता.

काकांनी चष्मा काढला. "तवा मी गाडीतून पाह्यलं, वामनराव. बाया पानी भरून राह्यल्या दिसल्या, म्हनलं इथं पानी लय हाय. त्या बाया ते पानी कुठं नेतात, हे पाहाचं राहून गेलं. सारी नोकरी तिथून जाऊन राह्यलो, पन पाहाचं राहून गेलं. आता हंडा घेऊन गावापर्यंत गेलो."

रुपालीने पडद्याकडे पाहिलं नाही, कात्रणाकडेही नाही. "बाबा, चाला," ती म्हणाली. "काका जाऊन आले. मले तेवढं पुरे."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. मी उगाच कपाटातली पुस्तकं सरळ करत बसले.

नकार मध्यस्थाने कळवलाच असता. पण काकांना राहवलं नाही. पुढच्या सोमवारी आम्ही पुन्हा मोहटाकळी फाट्यावर उतरलो. मनकर्णाबाई हापशीवर होती. काकांनी विचारलं नाही, तिच्या पायाशी भरून ठेवलेला हंडा उचलला आणि वाटेला लागले. पहिला चढ गेला, नाला गेला, दुसरा चढही गेला. अंगणात पोचल्यावर त्यांनी सांगितलं.

"स्थळ गेलं, बाई. माह्यामुळं गेलं. पोरीनं विचारलं, मी खरं सांगतलं."

मनकर्णाबाई हंडा ड्रममध्ये ओतत होती. ओतून झालं. तिने हंडा पालथा घातला, झाकण लावलं, हात कोरडे केले. आता ही काय बोलेल या भीतीने मी जागीच उभी होते.

"बरं केलं," ती म्हणाली. मग फाट्याच्या वाटेकडे बघत म्हणाली, "माह्या बापाले कोनी असं सांगतलं असतं, त मीबी इथं आली नसती."

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. या वेळी काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एक थेंबही न सांडता संपवला.